थोरली

न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला एखाद्या मराठी घरासमोर दोन गाड्या उभ्या असल्या, की त्यातली मागची जरा निरखून बघावी. हेडलाइट पिवळट पडलेले, काचेवरचा गणपतीचा स्टिकर उन्हानं फिका झालेला, बंपरवर मुलाच्या ड्रायव्हिंग शिकण्याच्या खुणा. ही 2007-08 च्या सुमाराची टोयोटा प्रियस हायब्रिड. आई-बाबांना एअरपोर्टवरून आणायला हीच, तांदळाची पोती आणायला हीच, मंडळाच्या नाटकाचं नेपथ्य वाहायलाही हीच. पण आज ओळख तिची करून द्यायची नाही. तिच्या मागच्या सीटच्या पाठीशी, डिकीच्या फळीखाली एक जण बसून असते आणि सगळं घर तिच्या मर्जीनं चालतं. तिला आपण थोरली म्हणू.

थोरली अशासाठी, की गाडीत एक धाकटीही आहे. दोघी जावा. धाकटीचा विषय पुढे निघेलच. मध्येच तोंड घालायची तिला सवय आहे.

थोरलीचा थाट बेताचा. पत्र्याची चपटी पेटी, वजन चाळीस-पंचेचाळीस किलो. झाकण काढलं तर आत काळ्या प्लास्टिकचे 28 उभे डबे, दोन्ही टोकांनी घट्ट आवळलेले. आवळलेले नसले तर ते फुगतात. प्रत्येक डब्यात सहा सेल, प्रत्येक सेल 1.2 व्होल्टचा. हिशेब करा: 168 सेल, 201.6 व्होल्ट. पोटात निकेल. तिच्यापासून बोनेटकडे जाणाऱ्या वायरी नारिंगी रंगाच्या, आणि नारिंगी दिसलं की हात मागे घ्यायचा हे मेकॅनिकला पहिल्याच दिवशी शिकवतात. पुढे इन्व्हर्टरपाशी हाच दाब 500 व्होल्टपर्यंत चढवला जातो. बाई बोलते हळू, पण तिचा निरोप पुढच्या खोलीत पोचेपर्यंत त्याचा हुकूम झालेला असतो.

माहेर जपानचं आणि स्वभाव लहानपणापासून तापट. 1995 च्या अखेरीस टोयोटानं प्रियसचा पहिला नमुना तयार केला, तर गाडी 49 दिवस जागची हलेना. हलली ती काहीशे यार्ड जाऊन थांबली. बॅटरी तेव्हा तापली की रुसायची आणि गारठली तरी रुसायची. कंपनीतले वरिष्ठ चक्कर मारायला निघाले, की शेजारच्या सीटवर एक इंजिनियर मांडीवर लॅपटॉप घेऊन तिचं तापमान बघत बसायचा. न जाणो, साहेबांसकट पेट घेतला तर! डिसेंबर 1997 मध्ये गाडी जपानात विक्रीला आली तेव्हा आतले सेल टॉर्चच्या मोठ्या सेलच्या मापाचे होते, गोल, आणि चांगले 240. चपटे डबे नंतर आले. 28 डब्यांचा सुटसुटीत संसार थाटला तो 2003 मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीनं.

जेवणाच्या बाबतीत मात्र तिचा नेम मोडणारा अजून जन्माला यायचाय. पोट भरून कधी जेवायचं नाही आणि उपाशी कधी राहायचं नाही. साधारण 40 टक्क्यांच्या खाली उतरायचं नाही, 80 च्या वर चढायचं नाही. साठाच्या आसपास घुटमळायचं. गाडीचा कॉम्प्युटर हा नेम इतका कडक पाळतो की चालवणाऱ्याची इच्छा असली तरी तिला घासभर जास्त भरवता येत नाही. तिच्या दीर्घायुष्याचं बरंचसं श्रेय या अर्धपोटी राहण्याला आहे. ब्रेक दाबला की मोटर जनरेटर होऊन वीज करते, ती हिची मिळकत. सिग्नल सुटला की तीच वीज पुन्हा मोटरला, तो हिचा खर्च. देशातून आलेले काका पहिल्या रात्री हमखास विचारतात, "अरे, चार्जिंगला लावली नाहीस ती?" लावावी लागत नाही म्हटल्यावर क्षणभर खूश होतात आणि मग म्हणतात, "म्हणजे शेवटी पेट्रोलवरच की!" काकांचं बरोबर आहे. थोरली एक पैसा बाहेरून कमवत नाही. ब्रेकमध्ये उधळून जाणारं तेवढं गाठीला बांधते, इतकंच. पण त्या गाठीच्या जोरावर तिची घरात अशी काही पत आहे, की तिच्यावाचून पान हलत नाही. या गाडीला वेगळा स्टार्टर नाही. इंजिन फिरवायचं तर हिच्या विजेवर. रिव्हर्स गिअर नाही. मागे जायचं तर मोटरवर. पेट्रोलची टाकी गच्च भरलेली असो, थोरलीनं डोळे मिटले की गाडी ड्राइव्हवेची शोभा.

होंडाच्या जुन्या हायब्रिडमधली बॅटरी त्या मानानं गरीब. तिच्या घरी साधा स्टार्टर हाताशी ठेवलेला असतो, त्यामुळे ती अंथरुणाला खिळली तरी गाडी कण्हत-कण्हत दुकानापर्यंत जाते. 2008 मध्ये आपल्याकडे आलेली सिव्हिक हायब्रिड त्याच घराण्यातली. साडेएकवीस लाखांना आली आणि त्याच वर्षी आठेक लाखांनी उतरवावी लागली. तेव्हा पुण्या-मुंबईत ज्यांनी हौसेनं घेतली, त्यांना बॅटरीच्या किमतीचा आकडा पुढे कधीतरी कळला आणि हौस फिटली.

थोरलीचा खरा शौक एकच: हवा. माणसाला जी हवा सुखाची, तीच तिला सुखाची. मागच्या सीटच्या उजव्या कुशीला एक जाळी असते. तिच्यातून ती केबिनमधली थंड हवा ओढून घेते. आत तिचा स्वतःचा पंखा आहे. उकाडा तिला सोसत नाही. ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या उन्हात उभी राहिलेली थोरली मिनेसोटातल्या बहिणीच्या कितीतरी आधी म्हातारी होते. थंडीत ती नुसती कुरकुरते, पण थंडीनं तिचं कायमचं बिघडत नाही.

आता गंमत अशी, की ही जाळी कशाची हे घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं. स्पीकरची असेल, असं बहुतेकांचं मत पडतं. मग तिथे आजींची शाल टेकते, वहिनींची पर्स टेकते, घरातलं कुत्रं मान टेकतं. अशाच एका कुत्रेवाल्या घरातल्या थोरलीचा पंखा उघडलेला मी पाहिला आहे. पात्यांच्या मधल्या फटी सोनेरी केसांनी इतक्या गच्च बसलेल्या, की पंखा फिरत होता आणि हवा मात्र कुठूनच जात नव्हती. केसांचा थर चिमट्यानं ओढला तर तो अखंड निघाला. त्यात बिस्किटाचा चुरा, बडीशेपेचे चार दाणे आणि कुंकवाच्या पुडीचा कागद. बिचारी कित्येक उन्हाळे नाक दाबून बसली होती. पंखा साफ करायला मेकॅनिकला अर्धा तास लागला. तो साफ न केल्यामुळे जे झालं, त्याचा आकडा हजारांत होता.

आणि आता धाकटी. ती 12 व्होल्टची, डिकीच्या उजव्या कोपऱ्यात राहते, साध्या गाडीतल्या बॅटरीहूनही लहान. तिला इंजिन फिरवायचं नसतं. दिवे लावायचे, दारं उघडायची आणि सकाळी कॉम्प्युटर जागे करायचे, एवढंच काम. पण कॉम्प्युटर जागे झाल्याशिवाय थोरलीच्या खोलीची कडी निघत नाही. 200 व्होल्टची थोरली ताजीतवानी होऊन आत बसलेली, आणि 12 व्होल्टच्या धाकटीनं "मला बरं नाही" म्हटलं की सगळं बंद. मान थोरलीचा, किल्ल्या धाकटीच्या कमरेला.

डिसेंबरात महिनाभर देशात जाऊन आलेल्या एका कुटुंबाचा प्रसंग सांगतो. पहाटेची वेळ, बाहेर बर्फ, मुलं झोपेला आलेली, आणि गाडी मेल्यासारखी थंड. नवऱ्यानं तिथेच फुटपाथवर फोन काढून हायब्रिड बॅटरीचे भाव बघायला सुरुवात केली. बायको म्हणाली, "आधी डिकी तरी उघड, बॅगा ठेवू." डिकी उघडेना. उघडणार कशी? या गाडीच्या डिकीचं कुलूप विजेवर चालतं, वीज धाकटीकडे आणि धाकटी डिकीत. शेवटी शेजाऱ्यानं येऊन बोनेट उघडलं, फ्यूजच्या डब्यातलं लाल झाकण वर केलं, तिथल्या टोकाला जंपर केबल लावली आणि दोन मिनिटांत थोरली नेहमीच्या सुरात गुणगुणू लागली. तिला काहीच झालं नव्हतं. आळ थोरलीवर, गुन्हा धाकटीचा. असं फार वेळा होतं. म्हणून थोरली बदलायची भाषा काढणाऱ्यानं आधी धाकटीची नाडी बघावी. तिची किंमत शेकड्यांत असते. फक्त ती माणसांच्या सोबत केबिनमध्ये राहत असल्यानं तिचा वायू बाहेर सोडणारी नळी लावायची असते. दुकानात पडलेली कुठलीही बारा व्होल्टची बॅटरी तिथे कोंबू नये.

पण थोरली खरंच थकते तेव्हा तिला ते लपवता येत नाही. समोरच्या पडद्यावर तिच्या नावाच्या आठ रेघा असतात. तब्येत ठीक असेल तर सहाच्या आसपास निळ्या. भरत आली की हिरव्या, रिकामी होत आली की जांभळ्या. म्हातारपणी काय होतं, की एक चढ चढला तर निळ्याच्या जांभळ्या, आणि तोच उतार उतरला तर पाच मिनिटांत आठच्या आठ हिरव्या. नवखा माणूस हिरवं बघून खूश होतो, बॅटरी किती भराभर भरते म्हणून. भांडं लहान झालंय म्हणून ते लवकर भरतंय, हे त्याच्या ध्यानात येत नाही. मग मागून पंख्याची घरघर ऐकू येऊ लागते. सिग्नलला इंजिन बंद व्हायचं ते होत नाही. गाडी ॲव्हरेज टाकते. गॅलनला 45 मैल देणारी 38 वर येते. घरातले म्हणतात, पेट्रोलच खराब आलंय. आणि एका सोमवारी सकाळी पडद्यावर लाल त्रिकोण उगवतो, आत उद्गारचिन्ह. मेकॅनिक स्कॅनर लावतो, पी-0-ए-80 असा कोड निघतो. त्याचा अर्थ, बॅटरी बदला.

आता यातली खरी गोम. थोरली म्हणून जी आपण एकटी समजतो, ती 28 जणींची रांग आहे, आणि रांगेत सगळ्यांमधून वाहणारा प्रवाह एकच. त्यातली एक जरी दमली तरी सगळ्यांनी थांबायचं. दमलेली आधी भरते, आधी रिकामी होते, आणि बाकीच्या दामटत राहिल्या तर उलटी होऊन बसते. कॉम्प्युटर दोन-दोन डब्यांची जोडी करून 14 ठिकाणी नाडी धरून असतो. एका जोडीचा आकडा बाकीच्यांपासून फार हटला की त्रिकोण लावून मोकळा होतो. बहुधा मधल्या डब्या आधी जातात. कडेच्यांना एका बाजूनं तरी मोकळं मिळतं. मधल्या दोन्हीकडून दाटीत, त्यामुळे जास्त तापतात. म्हणजे लाल त्रिकोण दिसतो त्या दिवशी सव्वीस-सत्तावीस जणी अजून बऱ्यापैकी धडधाकट असतात. थोरलीच्या वारशाची सगळी भानगड इथूनच सुरू होते.

भानगडीत शिरण्याआधी तिची बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिची बदनामी फार झाली. गाडी नवीन होती तेव्हा पार्टीत प्रत्येक जण सांगायचा, आठ वर्षं झाली की बॅटरी बसणार आणि तुम्ही रस्त्यावर. आठ हा आकडा आला वॉरंटीतून: अमेरिकेत 8 वर्षं किंवा एक लाख मैल, आणि कॅलिफोर्नियासारख्या धूर-कायदा कडक असलेल्या राज्यांत 10 वर्षं किंवा दीड लाख मैल. वॉरंटी संपण्याच्या तारखेलाच माणूस मरतो, अशी लोकांची समजूत असते. 2011 मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकानं दोन लाखांहून जास्त मैल पळालेली 2002 ची प्रियस, तिची मूळ बॅटरी आत असताना, तपासून पाहिली. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच तपासलेल्या जवळपास कोऱ्या गाडीशी तुलना केली तर पेट्रोलचा आकडा दोन्हीकडे चाळीसच्या घरात, फरक नावापुरता. तिच्या टीकाकारांपैकी दहा वर्षांत तब्येतीत नावापुरताच फरक पडलेले किती निघतील?

तर वारस. दारात चार-पाच जणी उभ्या असतात आणि प्रत्येकीचा तोरा वेगळा.

पहिली अस्सल घराण्यातली. डीलरकडून येते, कोरी, 28 च्या 28 जणी एका वयाच्या. फारसं बोलत नाही, कारण तिला स्वतःला विकायची गरज वाटत नाही. किंमत मजुरीसकट काही हजार डॉलर. आकडा ऐकून लोक म्हणतात, "अहो, तेवढ्यात अशी आख्खी गाडी येईल!" येईल ना. तिच्यातही एक थोरली असेल आणि ती किती वर्षांची असेल, ते विकणारा सांगणार नाही.

दुसरी भंगारच्या यार्डातली. कुणाची तरी गाडी समोरून ठोकली, मागचं सगळं शाबूत, त्यातून ही निघाली. स्वस्त, आणि बोलायला गोड. मीटरवर मैल कमी होते म्हणून सांगते. पण निकेलवाल्या बायका नुसत्या फळीवर ठेवल्या तरी आतल्या आत झिजतात. त्यांचं वय मैलांत कमी आणि वर्षांत जास्त मोजावं. हिला तीन प्रश्न विचारावेत: गाडी कुठल्या सालची, ठोकली कधी, आणि कुठल्या गावात राहायची. फिनिक्स म्हणाली तर नमस्कार करून निघावं. एक मात्र आहे: तिसऱ्या पिढीच्या प्रियसचे डबे दुसऱ्या पिढीच्या पेटीत बसतात. तेव्हा धाकट्या पातीतली एखादी हाती लागली, तर ही सोयरीक अगदीच टाकाऊ नाही.

तिसरीपासून सांभाळून. ही म्हणजे दुरुस्त केलेली. इंटरनेटवर तिचा फोटो सगळ्यात चकचकीत, किंमत अस्सलीच्या निम्म्याच्या आसपास, आणि फोन केलात तर माणूस तुमच्या ड्राइव्हवेत येऊन एखाद्या तासात बसवून देतो. तिची जन्मकथा मात्र टेबलावर बघावी. मेकॅनिक आधी नारिंगी मुठीचा प्लग उपटतो आणि स्वतःच्या खिशात घालतो, चुकून कुणी परत लावू नये म्हणून. रबरी हातमोजे, वर चामड्याचे. कमीत कमी 10 मिनिटं नुसतं थांबायचं, पुढे इन्व्हर्टरमध्ये साठलेला दाब उतरेपर्यंत. मग झाकण निघतं. डब्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या दिसतात आणि त्यांवर हिरवट गंज चढलेला असतो. मीटरची टोकं एकेका डब्याला लागतात: 7.9, 7.9, 7.8, 7.9, 6.6. सापडली! एक सेल मेला की डब्यातून असे सुमारे 1.3 व्होल्ट गळतात. बाकीच्यांवर हेडलाइटचा बल्ब लावून दोन-दोन मिनिटं बघतात, दम कुणाला लागतो ते. मग आजारी डबी काढायची, दुसऱ्या जुन्या पेटीतली तिच्या जागी बसवायची, पट्ट्या घासायच्या. नट मात्र 5.4 न्यूटन-मीटरच्या वर पिळायचा नाही. जोर केला तर टोक डब्यातून उपटून हातात येतं. धसमुसळ्या हातांचं हे काम नव्हे.

गाडी चालू होते, त्रिकोण जातो, मालक पेढे वाटतो. चार-सहा महिन्यांनी दुसरी डबी बसते. मग तिसरी. कारण बाकीच्या सव्वीस-सत्तावीस जणींनी तेवढेच उन्हाळे काढलेले असतात आणि नवी आलेली निराळ्या घरची, निराळ्या ताकदीची. रांगेत ती कधी रुळत नाही. जे कारागीर प्रत्येक डबी अनेकदा भरून-रिकामी करून, ताकद मोजून, जुळत्या डब्यांचीच पेटी बांधतात, त्यांची गोष्ट थोडी बरी. तरी वय पुसायचा ब्रश अजून निघालेला नाही. आणि तिच्या "आजन्म वॉरंटी"त जन्म कुणाचा धरलाय, बॅटरीचा की दुकानाचा, ते एकदा विचारून घ्यावं. मजुरी त्यात धरली आहे का, तेही.

चौथी नवीन खरी, पण दुसऱ्या कारखान्याची. सेल कोरे, किंमत मधली. हिच्यात चांगल्या निघतात आणि वाईटही निघतात, आणि बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. सेल कधी तयार झाला याची तारीख सांगायला जी लाजते, तिला घरी आणू नये.

पाचवी लिथियमवाली. हलकी, तरतरीत, थोडी शिष्ट. तिची अडचण अशी की गाडीच्या कॉम्प्युटरचा सगळा जन्म निकेलची नाडी बघण्यात गेलेला. भरलेल्या आणि रिकाम्या लिथियमच्या दाबातला फरक त्याला उमगत नाही. म्हणून काहींसोबत एक दुभाषी सर्किट येतं, जे कॉम्प्युटरला त्याच्या ओळखीचे आकडे सांगत राहतं. शिवाय शून्याखालच्या थंडीत लिथियमला जबरदस्तीनं भरवलं तर तिला कायमची इजा होते. ज्याला स्वतःला स्क्रू-ड्रायव्हर धरायची हौस आहे त्यानं जरूर आणावी. रोज सकाळी सातला ट्रेन गाठायची आहे त्यानं लांबून नमस्कार करावा.

मला विचाराल तर यात निवड बॅटरीची नसतेच फारशी. गाडी अजून किती वर्षं ठेवणार, हे ठरवायचं असतं, आणि ते ठरवायचा कंटाळा येतो म्हणून माणसं तिसरीच्या चकचकीत फोटोला भुलतात. गाडीचा पत्रा गंजलेला नाही, इंजिन तेल खात नाही आणि अजून चार-पाच वर्षं ती चालवायची आहे, असं असेल तर डोळे मिटून पहिली आणावी. आकडा वर्षांनी भागला की तो तितका टोचत नाही. पुढच्या उन्हाळ्यात गाडी काढायचीच असेल, तर त्रिकोणासकट, कोडसकट, खरं सांगून आहे त्या किमतीला काढावी. दुरुस्तीची डबी घालून आठवड्यात एखाद्या नवख्या विद्यार्थ्याच्या गळ्यात मारणारे लोक आपल्यातही आहेत, आणि दिवाळी पार्टीला ते आपल्याच पंगतीला असतात.

जुनीला कचऱ्यात टाकू नका, गराजच्या कोपऱ्यातही ठेवू नका. मेलेली म्हणतो तरी तिच्या टोकांना माणूस आडवा होईल इतका दाब शिल्लक असतो. आणि तिच्या पोटातलं निकेल पुन्हा कामी येतं, म्हणूनच नवी विकताना डीलर जुनीपोटी अनामत रक्कम लावून घेतो. जुनी परत केली की ती मिळते. पावती जपून ठेवा.

आणि हे सगळं अमेरिकेतलं म्हणून पुण्या-नाशिकच्या मंडळींनी निर्धास्त राहू नये. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आवाज न करता शेजारून निघून जाणाऱ्या इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडच्या पोटात याच थोरलीची धाकटी पाती आहे: तेच निकेल, तेच 168 सेल. तिची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर. गाडी आली 2022 च्या अखेरीस, तेव्हा वारसाचा प्रश्न आपल्या दारात यायला अजून अवकाश आहे. तोवर एकच करा. ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा, बॅटरीच्या हवेची जाळी कुठे आहे ते शोधा, आणि आईंना सांगा, पिशवी तिच्यासमोर ठेवू नका.